वरचं रान विकलं तेव्हा पाण्याचा भाव कुणी धरलाच नव्हता

संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याकडे माझ्या माहेरची वाडी आहे. नाव लिहीत नाही, कारण माणसं सगळी नात्यातली आणि कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाहीये. पण तिथे गेल्या काही वर्षांत जे झालं ते कोकणातल्या कितीतरी वाड्यांत आज होतंय, म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट लिहून काढतेय. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगते. कोकणात जंगल राहणार की जाणार हे मंत्रालयात कमी ठरतं आणि सामायिक सातबाऱ्यावर जास्त ठरतं, आणि तिथे सौदा होताना लाकडाचा भाव धरतात, पाण्याचा कुणी धरत नाही.

आधी जागा समजून घ्या. अगदी वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. सड्याच्या कडेपासून उतार सुरू होतो, ती सगळी वरकस जमीन, पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची, आता पिढी-दोन पिढ्या नुसतं रान, त्यात ऐन, किंजळ, नाणा, आसाणा, जांभूळ, कुंभा, मध्येच एखादा दांडगा बेहडा किंवा सातवीण, आणि खाली करवंदाच्या जाळ्या. रानाखाली वाडी, वाडीखाली भाताचे मळे, त्याखाली पऱ्या म्हणजे ओढा, तो पुढे शास्त्री नदीला मिळतो आणि शास्त्री जाते जयगडच्या खाडीला. उताराच्या एका अंगाला ग्रामदेवतेची राई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान आहे, तिथलं वाळकं लाकूडसुद्धा घरी आणायची पद्धत नाही. पाण्याचे झरे दोन, एक राईत आणि दुसरा वरच्या रानाच्या पायथ्याला, आणि या दुसऱ्या झऱ्यावरूनच सायफनने पाईप टाकून वाडीला पाणी आणलेलं.

रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण तो पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यातच येतो आणि समुद्र डोंगरापासून कितीसा लांब, अडला नाही तर सरळ खाडीत. अडतो कुठे, तर जांभ्यात. जांभा भोकाभोकांचा दगड, पाणी त्यातून खाली मुरतं, खाली चिकण माती नाहीतर काळा पाषाण लागला की पुढे जायला वाट नाही, मग ते आडवं सरकत सरकत उताराला कुठेतरी बाहेर येतं, तोच आपला झरा. पण मुरायला पाणी आधी जमिनीवर थांबायला पाहिजे. उघड्या उतारावर जुलैच्या पावसाला थांबायला वेळच मिळत नाही. पानांवर, फांद्यांवर त्याचा जोर मोडला, खाली पातेऱ्याचा, म्हणजे पडलेल्या सुक्या पानांचा, थर असला, मुळांनी माती भुसभुशीत ठेवली असली, तरच ते आत जातं.

आता सौदा. वरचं रान शेजारच्या भावकीचं. सातबाऱ्यावर नावांनी पान भरलेलं, निम्मे मुंबईत, काही जण वारले तरी वारसनोंद झालेली नाही, आणि त्या जमिनीतून कुणालाच काही मिळत नव्हतं, मिळत होती ती फक्त भांडणं. दिवाळीनंतर ठेकेदार आला, म्हणाला उभं रान एकरकमी घेतो, परवानगी, वाहतुकीचा पास, गाड्या सगळं माझ्याकडे, तुम्ही फक्त सह्या द्या. एका घरात मोठं आजारपण चाललेलं, दुसऱ्याला कौलं उतरवून पत्रे घालायचे होते, मुंबईकरांना डोंगर वर्षातून गणपती आणि शिमगा दोनदाच दिसतो. सह्या झाल्या. मी त्यांना दोष देत नाही आणि कुणी देऊही नये, औषधाचं बिल समोर असताना डोंगराकडे बघत बसा असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणखी एक भीती होती ती बाहेर कळत नाही. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यापासून कोकणात लोकांच्या मनात बसलंय की रान दाट होऊ दिलं की सरकार शिक्का मारणार आणि जमीन हातची जाणार. म्हणून मोकळं करून ठेवलेलं बरं, असं जुनी माणसं सांगतात. जंगल वाचवायला आणलेल्या कायद्याच्या धाकानं माणसं जंगल तोडतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी जंगल अगदी थोडं, जे काही हिरवं दिसतं ते बहुतेक मालकीचं. हा गुंता सोडवल्याशिवाय इथे काही हलणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

रान तोडणं कोकणाला नवं नाही हेही इथेच सांगायला हवं, नाहीतर प्रकरण चुकीचं समजेल. आमच्याकडे ठराविक वर्षांनी मालकीचं रान तुटायचं आणि परत यायचं. ऐन, किंजळ यांचं खोड कुऱ्हाडीनं तोडलं की बुंध्याला फुटवे येतात, दहा-बारा वर्षांत पुन्हा सावली धरते. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजायचा (पाला-फांद्या जाळून जमीन भाजायची) तर कवळं, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायची, पण शेंडा राखायचा हे पोरांनापण माहीत होतं. म्हणजे तोड होती, पण मूळ जाग्यावर होतं. यावेळी बदललं ते दोन गोष्टींमुळे. एक तर कटर मशीन, जे काम कुऱ्हाडीला अख्खा हंगाम लागायचं ते बघता बघता उरकलं, पऱ्याच्या काठची, झऱ्याच्या डोक्यावरची, पोकळ, वाकडी, फळाची, सगळीच झाडं गेली, कारण एकरकमी सौद्यात ठेवायचं काय हे लिहिलेलंच नव्हतं. आणि दुसरं, त्याच्यामागून आला जेसीबी. काजू लावायचा म्हणून बुंधे मुळासकट उपटले, उतारावर टप्पे पाडले आणि उरलेलं पेटवून दिलं. फुटवे यायला बुंधाच राहिला नाही.

पहिल्या पावसात काय झालं माहितीये, पऱ्याला पाणी वाढलं. खरंच वाढलं, दुथडी भरून, आणि लोक म्हणाले बघा, रान तोडल्यावर पाणी कमी होतं म्हणत होते ना. पाणी वाढलेलं कारण ते मुरायचं सोडून सरळ वाहत होतं. रंग बघून मात्र जुन्या बायका गप्प झाल्या, पूर्वी एखाद दिवस गढूळ होऊन निवळणारा पऱ्या यावेळी लालच राहिला.

उन्हाळ्यात कळलं. आधी मेच्या शेवटापर्यंत बारीक का होईना धार असायची, ती त्या वर्षी शिमग्यालाच तुटक व्हायला लागली आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पाईप कोरडा. मग सगळ्यांनी हंडे घेऊन झऱ्यावरच जायचं. माझी काकी पहाटे अंधारात जायची, झऱ्याच्या कुंडात खाली उतरून बसायची, दगडाच्या फटीतून पाणी पाझरून तळाला वीतभर साचेपर्यंत वाट बघायची, मग करवंटीनं भरून फडक्यातून हंड्यात ओतायची, गाळ ढवळला तर परत थांबायचं. एक हंडा भरेस्तोवर उजाडायचं, आणि वर तिच्यामागे रांग लागलेली असायची ती वेगळीच. "बाय गो, पानी नाय हाय, पान्याचा घाम हाय," असं ती मला म्हणाली होती. सरकारच्या जलजीवन नळयोजनेची नवी टाकी आणि नळ नंतर आले, रंगवलेले, पण टाकीत पाणी यायला वर झऱ्यात पाणी हवं ना.

काही जण म्हणतात खाली रस्त्याकडेला एका बंगल्यानं बोअर मारली त्यामुळे झरा गेला. मी हा मुद्दा सोडून दिला नाही. पण बोअर झऱ्याच्या कितीतरी खाली आहे, आणि बोअर मारायच्या आधीच्याच शिमग्याला धार तुटलेली होती. पाऊस कमी झाला म्हणावं तर राईतला झरा तसाच वाहतोय, तोच डोंगर, तोच जांभा, तोच पाऊस. एका वाडीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, तरी शेजारशेजारच्या दोन झऱ्यांत फरक एवढाच की एकाच्या डोक्यावर रान आहे आणि दुसऱ्याच्या नाही.

राईत जाऊन एकदा जमीन बघा म्हणजे जास्त बोलावं लागणार नाही. मे महिन्यात मी तिथे पातेरा हातानं बाजूला केला, वर करकरीत सुकी पानं, त्याखाली अर्धी कुजलेली, जाळी झालेली, त्याखाली काळी माती आणि तिच्यात पांढरे बुरशीचे धागे, बोट सहज आत जातं आणि बोटाला गारवा लागतो, भर मेमध्ये. वरच्या तोडलेल्या उतारावर त्याच दिवशी पहारीनं टोकलं तर ठणठण आवाज. वर सातवीण, पायर, बेहडा, काजरा, त्यांच्यावर मांडवासारखी पसरलेली गारंबीची वेल, मांडीएवढी जाड, तिच्या शेंगा हातभर लांब. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून त्यांच्यावर लिहिलं, त्यांना हेच दिसलं होतं की आसपास सगळं उघडं पडलं तरी देवाच्या नावानं राखलेल्या तुकड्यात जुनं जंगल टिकून आहे. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथे भालांडेश्वराच्या राईत रानटी जायफळाच्या जातीतल्या झाडांचं दलदलीचं जंगल आहे, मोजून अडीच हेक्टरच्या आसपास, आणि ते आता जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालंय. राई नसती तर ते कधीच भातशेती नाहीतर बाग झालं असतं.

पाण्याबद्दल जास्त लिहिलं कारण वाडीला तेच आधी जाणवलं. बाकीचं हळूहळू आलं. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण बुडालं, महाडजवळ तळीयेवर आणि खेडमधल्या पोसऱ्यात दरड कोसळून माणसं गाडली गेली, त्याच पावसात आमच्या काजूच्या टप्प्यांचा एक पट्टा सरकून मळ्यात आला. माणूस कुणी गेला नाही, दोन घरांचं भात गेलं आणि मळ्यात दगडगोट्यांचा थर बसला तो अजून पूर्ण निघालेला नाही. तळीयेचं कारण झाडतोड असं मी म्हणणार नाही, तसा पाऊस पडला की रान असलेला डोंगरही तुटू शकतो. पण आमचा जो पट्टा सरकला तो नेमका जेसीबीनं कापलेला होता, शेजारचा झाडीवाला उतार जागचा हलला नाही. आणि ती माती मळ्यातच थांबली असं नाही, ती पऱ्यातून नदीत, नदीतून खाडीत. एकेकाळी संगमेश्वरापर्यंत गलबतं यायची, आज त्या खाडीत गाळाशिवाय बोलणं नाही. खाडीत तिसऱ्या, कालवं असे शिंपले काढणाऱ्या बायकांचं आमच्या वरच्या रानाशी काय नातं असं कुणी विचारलं तर हे नातं.

सरपणाला आता बायका डोंगराच्या पलीकडे जातात. सातेरीच्या मधमाश्या झाडाच्या ढोलीत, म्हणजे खोडातल्या पोकळीत राहायच्या, ढोलीची झाडं गेली तशा कमी झाल्या, आणि आंब्याचा मोहोर काय, काजूचा मोहोर काय, माश्या-किड्यांनी परागीकरण केल्याशिवाय फळ धरत नाही, म्हणजे ज्या काजूसाठी रान काढलं त्याच काजूचे मदतनीस आपण घालवले. वानरं वाडीत यायला लागली, परसातला फणस, पडवळ, काही ठेवत नाहीत. लोक वानरांना शिव्या घालतात, पण त्यांचं जांभूळ, उंबर, कुंभा कुठे गेला ते कुणी बोलत नाही.

धनेश पक्ष्याचं मला सगळ्यात लागलं. झऱ्याच्या वरच्या बेहड्याला उंचावर एक ढोली होती, दरवर्षी उन्हाळ्यात तिथे मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घ्यायची, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट, आणि नर बाहेरून उंबराची फळं घशातून एकेक काढून तिला भरवायचा. पिल्लू मोठं होईतो ती आतच. या पक्ष्यांना जोडी लागते, ढोली लागते आणि वर्षभर फळं लागतात, आणि त्याच्या बदल्यात ते फळांच्या बिया लांब लांब नेऊन टाकतात, जंगल लावायचं काम बिनपगारी करतात. बेहडा लाकूड म्हणून काही मोठा किमतीचा नाही, एकरकमीत होता म्हणून गेला. तीन-चारशे रुपयांच्या लाकडासाठी, असा अंदाज मी एका जाणकाराकडून घेतला, एवढी जुनी ढोली गेली. तशी ढोली व्हायला झाडाला किती पिढ्या लागतात याचा हिशोब करून बघा.

कायदा होता का, होता. १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे, त्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, खैर अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दंड मात्र त्या काळचा, हजार रुपयांपर्यंत, ठेकेदाराच्या एका गाडीच्या डिझेलला पुरणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो ५० हजार करायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. पण नुसता दंड वाढवून आमच्यासारख्या ठिकाणी काही होईल असं मला वाटत नाही, कारण आमच्याकडे जे झालं ते बहुतेक सगळं कागदोपत्री परवानगीनं झालं. परवानगी झाडाची असते, झऱ्याची नसते. सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ ला उच्च न्यायालयानं वृक्षतोडीला बंदी घातली, वन्यप्राण्यांचा तो येण्याजाण्याचा मार्ग आहे म्हणून, त्याचं महत्त्व मोठंच आहे. पण प्रत्येक वाडीसाठी कोर्टात कोण जाणार.

खरं प्रकरण सुरू झालं ते दुसऱ्या उताराच्या वेळी. तो आमच्या भावकीचा, राईला लागून, आणि वारसनोंदीत माझंही नाव आहे. ठेकेदार आला, भाव आधीच्यापेक्षा बरा. शिमग्याला सगळे मुंबईकर गावात होते म्हणून पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसल्यावर तिथेच बैठक झाली. चुलतभाऊ म्हणाला, ताई तू पुण्यात बसून झाडं वाचवतेस, इथे बाबांच्या डायलिसिसला पैसे कुठून आणू. त्याचं खोटं नव्हतं. यावर भाषण करून उपयोग नव्हता, म्हणून आम्ही तोड नको असं म्हटलंच नाही, तोड कशी ते बोलायचं ठरवलं.

ठरलं ते असं. झऱ्याच्या डोक्यावर आणि पऱ्याच्या दोन्ही अंगांना झाडाला हात लावायचा नाही, ती पट्टी चुन्यानं खुणा करून आधीच दाखवायची. फळाची आणि ढोलीची झाडं ठेवायची, ती कोणती हे गुरव आणि दोन म्हातारी माणसं फिरून सांगतील, आणि त्यांनी सांगितलंही, एकेका झाडाला हात लावून. बाकीचं एकदम नाही, तीन तुकड्यांत, मध्ये काही वर्षं सोडून. बुंधा जमिनीलगत तिरका साफ कापायचा म्हणजे फुटवा धरतो, उपटायचा नाही, जेसीबी डोंगरावर चढवायचा नाही. पाला-फांद्या पेटवायच्या नाहीत, उताराला आडव्या टाकायच्या, मातीला तेवढाच अडसर. आणि फेब्रुवारीच्या आत सड्याच्या कडेनं जाळरेषा काढायची, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा ठेवायचा, कारण वणवा वरूनच येतो आणि कोवळे फुटवे एका वणव्यात संपतात. कुणीतरी आकेशिया लावू म्हणाला, पटकन वाढतो, ते आम्ही नको म्हटलं, त्याच्याखाली दुसरं काही धड उगवत नाही आणि पाखराला खायला फळ नाही.

एवढ्या अटी ऐकून ठेकेदारानं भाव बराच खाली आणला. इथेच सगळं मोडलं असतं. मग प्रश्न आला की ही तूट सोसायची कुणी, ज्यांची जमीन त्यांनीच का, पाणी तर अख्खी वाडी पिते. यावर खूप वाजलं. देवाच्या पाण्याला पैसे कसले, असं म्हणणारे होते, आणि ज्यांनी आधी वरचं रान विकलं त्यांनी तर का द्यावं असं म्हणणारेही होते. शेवटी काकीच उभी राहिली, बैठकीत बायका सहसा बोलत नाहीत, म्हणाली टँकरवाल्याला देता ते कुणाला विचारून देता? त्यानंतर ठरलं, पाण्याची जोडणी असलेल्या प्रत्येक घरानं वर्षाला ठराविक रक्कम काढायची, मुंबईकरांनी थोडी जास्त, आणि ती राखलेल्या पट्टीच्या मालकांना द्यायची. रक्कम मोठी नाही. पण उभ्या झाडाचे पैसे मिळतात ही गोष्ट आमच्या वाडीत पहिल्यांदा झाली.

पहिला तुकडा तुटला तेव्हा मी मुद्दाम गेले होते. मुकादमानं एकदा चुन्याच्या आतलं एक किंजळ पाडलं, चुकून म्हणाला, त्यावरून काम दोन दिवस बंद पडलं आणि त्याच्या हिशोबातून पैसे कापले गेले. पुढच्या पावसात बुंध्यांना फुटवे आले, आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलेत, प्रत्येक बुंध्याचे दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे विरळ केले, ते सरपण वाडीतच वापरलं. त्या उताराखालून पऱ्यात येणारं पाणी पहिल्या आठवड्यानंतर निवळ असतं. आधी आटलेला झरा मात्र परत आलेला नाही, त्याच्या डोक्यावर काजूच आहे, आणि काजूखाली निदान गवत आणि पातेरा राहू द्या, तणनाशक मारू नका एवढं ती भावकी आता ऐकते. त्याला वेळ लागेल. सध्या वाडीचं पाणी राईतल्या झऱ्यावरून नवा पाईप टाकून आणलंय, कौल लावून, देवीची परवानगी घेऊन, कुंड न वाढवता. त्या एका झऱ्यावर आता भार वाढलाय याची मला काळजी वाटते.

दुसऱ्या तुकड्याची वेळ येत्या दिवाळीनंतर आहे. दोन घरांनी गेल्या वर्षीची रक्कम दिलेली नाही, एक घर कायमचं विरारला गेलंय, आणि नवा ठेकेदार अटींशिवाय दुप्पट भाव देतो म्हणून फोन करतोय. चुलतभावाच्या बाबांचा खर्च चालूच आहे. आमची मागणी ग्रामपंचायतीकडे गेलीये की राखलेल्या पट्टीचे पैसे पंचायतीनं पाणीपट्टीतच धरावेत, म्हणजे दारोदार मागावे लागणार नाहीत, आणि ती पट्टी लोकांच्या जैवविविधता नोंदवहीत चढवावी. ग्रामसभेत विषय घ्यायचं कबूल झालंय. त्याआधी मोजणी करून पट्टीच्या खुणा दगडात पक्क्या करायच्या आहेत, चुना दोन पावसात धुऊन जातो.